सेतुमाधवमामांचा दुसरा उंचवटा

आयुष्यभर विनोदी लिहून पोट भरलं, म्हणून माझं कुणी खरं मानत नाही. पण हे घडलं तेव्हा मी त्याच खोलीत होतो.

१९६४. तंजावूर. दुपारचे तीन.

माझे मामा सेतुमाधव पापनाशमच्या तालुका कचेरीत कारकून. आठ महिने उजव्या हाताला मुंग्या. टाक धरवेना. तहसीलदार म्हणाले, आजाराचा पुरावा आणा, नाहीतर नोकरी सोडा.

चार डॉक्टर झाले. चौघांचं एकच, "काही नाही."

एकाने कॉफी बंद करायला सांगितली. त्याच्याकडे मामा पुन्हा गेले नाहीत.

शेवटी इस्पितळात नवं यंत्र आलं. कोपराजवळ नसेला विजेचा झटका द्यायचा, तो बोटापर्यंत किती वेळात पोचतो ते पडद्यावर बघायचं.

डॉक्टर नटराजननी बटण दाबलं.

बोट उडालं. पडद्यावरच्या हिरव्या रेघेला उंचवटा आला.

आणि मग... दुसरा.

डॉक्टरांनी टेपने हात मोजला. कागदावर हिशेब केला. पुन्हा केला.

"सार, हा दुसरा साठ फुटांवरून येतोय."

"माझा हात तेवढा लांब नाही," मामा म्हणाले.

पुन्हा बटण.

"तीस फूट."

मी दार उघडून पाहिलं. मघाशी व्हरांड्यात अकरा रोगी बसले होते.

आता... कुणीच नव्हतं.

पुन्हा बटण.

"सहा फूट." डॉक्टरांनी आपली खुर्ची मागे घेतली.

"तेवढं लिहून द्या ना!" मामा वैतागले. "दोन उंचवटे! झाला पुरावा!"

"एकदा खात्री करतो, सार."

कुणी सांगितली होती खात्री!

बटण...

एकच उंचवटा. स्वच्छ. पुस्तकातल्यासारखा.

"नॉर्मल," डॉक्टर म्हणाले.

"नॉर्मल कसा? मघाचा कुठे गेला?"

डॉक्टर टेप गुंडाळू लागले.

"अय्यो, परत बोलवा त्याला! आठ महिन्यांनी एक पुरावा सापडला, तोही घालवलात!"

पाच वेळा दाबलं. पाचही वेळा एकच.

दुसरा परत गेला नव्हता. तो पोचला होता.

'दोष नाही,' असा अहवाल झाला. खाली रोग्याची सही हवी होती.

"थांबा," मामा डाव्या हाताने खिशातला चष्मा चाचपत म्हणाले. "टाक धरवेल की नाही, बघू दे आधी..."

तोवर उजव्या हाताने सही करून टाक खाली ठेवला होता.

आम्ही तिघांनी कागद पाहिला.

नाव मामांचंच होतं. घाई मात्र त्यांची नव्हती.