गुडघाभर पाण्यात

रोशनीने त्याला पाहिलं आणि तिच्या हातातला दोरच ढिला पडला. संध्याकाळी तिला पाहायला येणारा मुलगा सकाळी आठलाच तलावात उतरला होता! पँट गुडघ्याच्या वर दुमडून, जाळ्याच्या दोराचं दुसरं टोक धरून... आणि वर तिच्याकडे पाहून हसत होता.

"तोच हाय प्रफुल," मागून तिची आई, देवकाबाई, पुटपुटली. "आता पाय आवर, बाई. पह्यल्या दोन सोयरिकी तुझ्या पायानंच मोडल्या."

खोटं नव्हतं ते. रोशनीचे पाय तिचं ऐकतच नसत. गिरणीचा पट्टा फटफटू लागला की ती नाचायची, धानाच्या रोवणीच्या चिखलात नाचायची. एकदा तर रेशनच्या रांगेत कुणाचा तरी मोबाइल वाजला, तेवढंही पुरलं तिला! पोरगी गुणाची, पण अंगात वारं शिरलंय, असं सगळी सोयरमंडळी म्हणत. आजवर तिने कुणाची पर्वा केली नव्हती. आज मात्र करावीशी वाटत होती, कारण समोरच्याचं हसणं तिला भलतंच आवडलं होतं.

वैशाखात तलाव आटला, की धानोऱ्याकडची ही ढिवरांची वस्ती अशीच पाण्यात उतरायची. दोघांनी जाळ्याची दोन टोकं ओढायची आणि बायकांनी काठ्यांनी पाणी बडवत मासे जाळ्याकडे हाकायचे. बापाचा, मनसारामचा, खांदा दुखत होता म्हणून आज दोर रोशनीकडे आला होता.

छप... छपछप. छप... छपछप! मागे बायकांच्या काठ्या रंगात आल्या. रोशनीने दात आवळले.

"अशी लाकडावानी काऊन उभी हायेस?" प्रफुलने पलीकडून विचारलं.

"तुमी दोर पाहा. मले काऊन पाहून राह्यले?"

"मले तं सांगितलं होतं, पोरगी लय नाचते."

म्हणजे बातमी पोचली होती! "कोनं सांगितलं?"

"साऱ्यायनं. म्हनून तं सकायीच आलो. संध्याकायी तू पदर घेऊन मुकाट बसशीन... मंग मले काय दिसन?"

रोशनीचा चेहरा लालेलाल झाला. पण बोलणं खरं होतं. त्या मुकाट बसलेल्या मुलीला त्याने पसंत केलं, तर जन्मभर तीच मुलगी होऊन राहावं लागणार. छे! नकारच यायचा असेल तर आत्ताच येऊ दे... या पाण्यातच.

आणि तिने पाय मोकळे सोडले.

काय नाचली म्हणता! दोर कमरेला गुंडाळला, टाच आपटली, गिरकी घेतली. पाणी उडालं, वेणी सुटली, चिखल गालापर्यंत आला. देवकाबाईने कपाळावर हात मारला. बायका मात्र चेकाळल्या आणि काठ्या दुप्पट जोरात पडू लागल्या. रोशनीच्या प्रत्येक गिरकीचा हिसका दोरातून, जाळ्यातून थेट प्रफुलच्या मुठीत पोचत होता. आधी त्याचा खांदा हलला, मग मान... आणि मग बेट्याने दोन्ही हात आभाळाकडे फेकले!

दोर सुटला. जाळं तळाला बसलं. रोहू, कतला, होते नव्हते तेवढे मासे चमचमत उड्या मारून पसार झाले.

"अवो पावणे!" काठावरून मनसाराम ओरडला. "पोरगी पाहाले आले का मासोळ्या सोडाले?"

सगळा तलाव खो-खो हसत सुटला. प्रफुल चिखलाने माखून, धडपडत रोशनीपर्यंत आला. नाचणं कसलं, नुसतं कोंबड्यासारखं फडफडणं होतं ते!

"असं नाचतेत का?" ती हसू दाबत म्हणाली.

"पह्यल्यांदाच नाचलो. शिकवशीन?"

तिचं हसू अर्ध्यावरच थांबलं. हे विचारल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. "तुमच्या गावचे लोकं... बोलतीन मले."

"बोलतीनच," तो म्हणाला. "पन आता दोघायलेबी बोलतीन."

रोशनीचे डोळे भरून आले. तिने भर तलावात, साऱ्या गावादेखत, त्याचा चिखलाने भरलेला हात घट्ट धरला. होकार द्यायला संध्याकाळपर्यंत थांबतंय कोण!