मायाक्काची हाळी

युवराज, तो मोबाइल जरा पालथा घाल बघू. मघापासून बघतोयस, जगातली सगळ्यात एकाकी ठिकाणं म्हणे. कुठलं बेट, कुठलं वाळवंट. त्यातलं ते शेवटचं, नुसतं पांढरंफेक, जिथं चिटपाखरू नाही, तिथून एक वाट थेट आपल्या मैंदर्गीजवळ निघते, हे तुझ्या मोबाइलला ठाऊक नाही. हसू नका. आणि पायल, आत जायचं असेल तर आत्ताच जा, मध्येच उठून दार वाजवायचं नाही. हे नागप्पाचं घडलेलं आहे. माझ्या ओळखीचा माणूस, इतका भोळा की खोटं बोलायला गेला तर आधी त्याचे कान लाल होतात.

साल दोन हजार तेवीस. वैशाखातली अमावास्या, शुक्रवारची रात्र. नागप्पा मैंदर्गीला तापाच्या गोळ्या आणायला गेला होता. त्याची बायको मायाक्का तापाने फणफणली होती. दुकानदाराशी चार शब्द कानडीत, चार मराठीत बोलून, गोळ्या खिशात आणि पान गालात ठेवून गडी रमतगमत वस्तीच्या वाटेला लागला. दिवसभर उन्हाने भाजलेला रस्ता चपलेतूनही पायाला लागत होता.

त्यांना एकच पोरगा, अजिनाथ. घराणं मेंढपाळाचं, पण पोराचं सगळं डोकं इंजिनात. डिझेल मेकॅनिक झाला आणि गेला कुठं, तर पृथ्वीच्या पार बुडाशी, अंटार्क्टिकावर. तिथं आपल्या देशाचं संशोधनाचं ठाणं आहे, त्याचे जनरेटर सांभाळायला. एकदा तिथला हिवाळा लागला की ना विमान येतं ना जहाज. पुढं तर सूर्यही उगवायचा बंद होतो, दोन महिने रात्रच. मायाक्काला हे कधी पटलंच नाही. "सूर्व्या न्हाय तर माणसं उटत्यात कवा?" असं ती विचारायची आणि स्वतःच हसायची.

वाटेतल्या मोरीपाशी फोन वाजला. ठाण्याचा मुख्य साहेब बोलत होता, हिंदीत. डिझेलच्या टाक्या ठाण्यापासून हाकेच्या अंतरावर आहेत, अजिनाथ तिथं गेला आणि परतला नाही. बर्फाचं वादळ सुटलंय, स्वतःचा हात दिसत नाही. वादळ उतरल्याशिवाय शोधायला कुणाला बाहेर सोडता येत नाही. नागप्पाने मोडक्या हिंदीत विचारलं, कधी उतरेल? साहेब म्हणाला, देवाचं नाव घ्या.

नागप्पा मोरीच्या कठड्यावर बसला. पान थुंकायचंही त्याला सुचेना. पोरगं विहिरीत पडलं असतं तर याने मागंपुढं न बघता उडी टाकली असती. कुर्डुवाडीला हरवलं असतं तर रात्रीतून पायी गेला असता. पण इथून कुठं पळायचं? कुणाचे पाय धरायचे? त्याने मातीत हात आपटले, एकटाच मोठ्याने रडला. मग तोंड पुसलं. आजारी बाईला सांगायचं नाही, एवढं त्याने ठरवलं आणि घर गाठलं.

घराचं दार सताड उघडं. बाजेवर मायाक्का नाही. पाण्याचा तांब्या तसाच भरलेला. सोबतीला बसवलेली शेजारची हेमावती अंगणात गाढ झोपलेली. नागप्पा हाक मारणार तोच ओढ्याच्या अंगाने आवाज आला.

"हुर्रऽऽ ये… ह्योऽऽ ये…"

मेंढरांची हाळी. वावटळीत नाहीतर अंधारात कळप भांबावला की मेंढपाळ पुढं चालत अशी हाळी देतो आणि मेंढरं आवाजामागं येतात. तिचा नियम एकच. हाळी देणाऱ्याने थांबायचं नाही आणि मागं वळायचं नाही. तो थांबला की पुढची मेंढी थांबते आणि कळप फुटतो. पण नागप्पाची मेंढरं विकून कित्येक वर्षं झाली होती.

तो धावला. मायाक्का ओढ्याच्या रस्त्याने अनवाणी चालली होती. ताठ. नजर समोर. नागप्पाने तिचा दंड धरला आणि चटका बसल्यासारखा सोडला. दंड गार होता. तापाचं अंग, उकाड्याची रात्र… आणि दंड बर्फासारखा गार.

"मायाक्का, घरला चल. कुटं निगालीस?"

"सोडा मला. पोरगं मागं हाय."

"कोन पोरगं?"

"वाट चुकलंय त्ये. तुमी बोलू नगा, त्येला माझा आवाज ऐकू येत न्हाय मग."

नागप्पाने तिला काहीच सांगितलं नव्हतं. काहीच नाही.

आणि मग त्याला ऐकू आलं. मागून. करर्… करर्… जाड मीठ पायाखाली चिरडावं तसा आवाज. रस्ता तर डांबरी.

मायाक्का थरथर कापत होती. दात वाजत होते. ही अशी चालली तर मरणार, एवढं नागप्पाला कळलं. त्याने तिला दोन्ही हातांनी कवळा घालून धरली. हाळी बंद पडली.

मागची पावलंही थांबली.

सगळं गप्प. कुत्रं नाही. रातकिडा नाही.

मग मागून… अगदी लहान, दमलेला… "आये…"

मायाक्काने वळून पाहिलं नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि गालावरच थिजलं. "सोडा की वो," ती म्हणाली. "बसलं त्ये खाली. बसलं तर उटायचं न्हाय."

नागप्पाने मागं पाहिलं. त्याच्यावर कसला नियम! रस्ता मोकळा होता. माणूस नाही, सावली नाही. फक्त जमिनीलगत, बसलेल्या माणसाचं तोंड असेल तितक्या उंचीवर, अंधारात पांढरी वाफ निघत होती. एक श्वास… मग बराच वेळ काही नाही… मग एक श्वास.

हिला धरावं तर ते जातं. हिला सोडावं तर ही जाते.

कुणा बापावर, कुणा नवऱ्यावर अशी वेळ येऊ नये रे.

त्याने हात सोडले.

"हुर्रऽऽ ये…"

करर्… करर्…

ओढ्यापलीकडे त्यांचं जुनं वाडगं होतं, मेंढरं कोंडायचं. रिकामं, बाभळी माजलेलं. मायाक्काने काटेरी फाटक ओढलं आणि बाजूला सरून उभी राहिली. शेवटचं मेंढरू आत घेताना उभं राहतात तशी. नागप्पाच्या अंगावरून गार वारा गेला. तिने हात उचलून हवेतच कुणाची तरी पाठ थोपटली. फाटक लावलं.

"आला बगा आत," म्हणाली आणि खाली बसली.

नागप्पाने तिला खांद्यावर घालून घरी आणलं. उजाडायच्या आत मायाक्का गेली.

बायका जमल्या. पाणी तापायला ठेवलं. तेवढ्यात फोन वाजला.

"आण्णा… मी हाय. वाचलो."

नागप्पाने फोन दोन्ही हातांनी कानाशी दाबला.

"काय दिसतच नव्हतं वो. आन् आपली हाळी ऐकू आली. म्हनलं, कान वाजत्यात. पर गेलो मागं मागं. मदी बंद पडली बगा एकदा… मी बसलोच खाली. परत सुरू झाली, तवा उटलो. ठान्याच्या दारावरच डोकं आपाटलं. आण्णा… आयेला द्या की जरा."

नागप्पाने आतल्या दाराकडे पाहिलं.

"आण्णा? आये कुटं हाय?"

हाळी मध्येच का बंद पडली, हे नागप्पाने पोराला अजून सांगितलेलं नाही.

आत मायाक्काला अंघोळ घालायला हेमावतीने तिच्या पायांवरचं लुगडं सारलं आणि किंचाळून मागं सरली. तपासायला आलेले संगमेश डॉक्टर अजून ओसरीवरच होते, ते आत आले. जन्म फौजेत घालवलेला माणूस, वरच्या बर्फातल्या चौक्यांवर राहिलेला. दोन्ही पायांची बोटं काळीठिक्कर पडली होती. टाचेपर्यंत कातडी मेणासारखी पांढरी, कडक.

डॉक्टरांनी वाकून एक बोट दाबून पाहिलं. मग हळूच म्हणाले, "हे थंडीनं जळालेत. बाई कुठल्या बर्फात चालल्या होत्या?"

नागप्पाने ते दोन्ही पाय आपल्या मांडीवर घेतले आणि तळहातांनी चोळत बसला. बाहेर ऊन चढलं, डांबर वितळायला लागलं, तरी त्याला उठवायचा धीर कुणाला झाला नाही.