पेनातल्या स्प्रिंगचा गळ

धाकट्या अतिशयच्या डाव्या पायातली चप्पल खडकावरून नदीत पडली, तेव्हा तो उजवीही फेकून द्यायला निघाला. एकटी चप्पल काय कामाची, असा त्याचा सरळ हिशेब! त्याच्या मोठ्या बहिणीने, त्रिशलाने, त्याचा हात धरला म्हणून उजवी वाचली.

ही भावंडं सांगलीची. मेची सुट्टी लागली की दोघं दादासोमामाच्या गावी, कृष्णाकाठच्या वडघाटला येत. तिथे त्रिशलाची मैत्रीण मयूरी होती. पोहणं, कैऱ्या पाडणं, भांडण, दिलजमाई, सगळं तिच्याबरोबर. यंदा मात्र पोहणं बंद होतं. घाटाशी मगर आली होती. म्हणून तिघं घाटाच्या खालच्या अंगाला, उंच खडकावर बसून नुसती नदी बघत होती.

"गेली सांगलीला," अतिशय पाण्याकडे बघत म्हणाला. "आईला फोन करून सांगूया, पुलाखाली उभी राहा म्हणून."

पण चप्पल सांगलीकडे गेलीच नाही. कृष्णा खाली सांगलीकडे वाहते हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. ही चप्पल डुलत डुलत उलटी, वरच्या बाजूला निघाली आणि थेट घाटाच्या पायऱ्यांना जाऊन टेकली. अतिशय हसून हसून लोळायचा बाकी राहिला. त्रिशलाही हसली. मयूरी हसली नाही.

"आमी रविवारी मिरजेला चाललोय," ती म्हणाली. "कायमचं."

मग तिने सांगितलं ते असं. तिची आई बनुबाई घाटाच्या कडेला बसून गळाने मासे धरायची आणि बाजारात विकायची. त्यावरच मायलेकींचं घर चालायचं. महिन्यापूर्वी मगरीने घाटावरून एक कुत्रं नेलं. नंतर एका बाईच्या हातातलं धुणं ओढलं. पायऱ्यांशी आतड्याचे तुकडे तरंगताना लोकांनी पाहिले आणि झालं, सगळ्यांनी मिळून ठरवलं की बनुबाई माशांची घाण घाटावर टाकते, त्या वासावर मगर येते. बनुबाईने घाटावर पाय ठेवायचा नाही, असा गावाच्या बैठकीत निकाल लागला. बनुबाई मासे घरी साफ करते आणि घाण लिंबाच्या झाडाखाली पुरते, हे मयूरीने दहा जणांना सांगितलं. कोणी ऐकून घेतलं नाही. आता मिरजेच्या एका दवाखान्यात फरशी पुसायचं काम मिळतंय म्हणून आई निघाली होती. मयूरीची शाळाही गेली.

त्रिशला तरातरा घरी गेली आणि मामासमोर उभी राहिली. दादासोमामा गावच्या पाणीपुरवठा सोसायटीचे चेअरमन. उसाला पाणी देणारी सोसायटीची मोठी मोटर घाटाशेजारीच होती. मामा माणूस मायाळू, पण गावाने एकदा ठरवलं की त्यात ते बोट घालत नसत. बैठकीतही ते मान खाली घालून बसले होते, हे मामीनेच सांगितलं.

"पोरी, तू पाहुणी हायस," मामा म्हणाले. "आंबं खा, पत्तं खेळ. गावाच्या गोष्टीत पडू नगंस."

वनखात्याचा माणूस येऊन गेला होता, पिंजरा आला की लावू म्हणाला होता. पिंजरा कधी येणार ते त्यालाही माहीत नव्हतं. बनुमावशी दारात बसून होती. गळाचा दोरा तिने काठीला गुंडाळून आढ्याला अडकवून ठेवला होता. ती चिडलीसुद्धा नाही, आणि त्याचंच त्रिशलाला जास्त वाईट वाटलं. मोठी माणसं रडली-भांडली तर निदान समजतं तरी. नुसती गप्प बसली की मुलांनी काय करायचं?

दुसऱ्या दिवशी तिघं पुन्हा खडकावर गेली, तर जागा धरलेली. इस्लामपूरचे उदयसिंह आले होते. मोठं दुकान, मोठी गाडी, डोक्याला टोपी आणि हातात गळाची परदेशी काठी, दोरा गुंडाळायच्या चाकाची. उन्हाळाभर ते इथे मासे धरायला येत. अतिशयच्या मते ते मासे धरायला कमी आणि माशांना शिव्या द्यायला जास्त येत.

त्यांचं आमिष म्हणजे पिशवीभर कोंबडीची आतडी. त्रिशलाने नाकाला रुमाल लावला. उदयसिंहांनी एक तुकडा गळाला टोचला, काठी मागे नेली आणि जोरात झोकली. गळ लांब जाऊन पडला. पण त्याच्या बऱ्याच अलीकडे आणखी काहीतरी टपकन पडलं. पुन्हा झोकली. पुन्हा दोन आवाज. दर वेळी ते रिकामा गळ ओढून काढायचे आणि म्हणायचे, "लबाड मासे! खाऊन पसार!"

"मासे कशाला खातील," मयूरी कुजबुजली. "ते पाण्यात पडायच्या आधीच सुटतंय. गुळगुळीत गळ हाय, मऊ आतडं. हिसका बसला की निसटलं."

त्रिशला पाण्याकडे बघत होती. सुटलेले तुकडे जरा वेळ तिथेच घुटमळले. मग मोटर सुरू झाल्याचा घुर्रर्र आवाज आला आणि तुकडे हळूहळू घाटाकडे निघाले. अगदी चपलेसारखे! तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. उन्हाळ्यात खालच्या बंधाऱ्याला फळ्या टाकतात, म्हणून नदी तुंबून उभी राहते. उभ्या पाण्यात सोसायटीची मोटर सुरू झाली की पाणी मोटरीकडे ओढलं जातं. आणि मोटर घाटाशेजारी!

म्हणजे मगरीला जेवायला बोलावत होते उदयसिंह, आणि वाढत होती सोसायटी. शिक्षा मात्र बनुमावशीला.

हे तिने धापा टाकत मामांना सांगितलं. मामा आधी हसले. नदी उलटी वाहते म्हणे! मग गंभीर झाले. उदयसिंह मोठा माणूस, गावचा पाहुणा, त्याच्यावर आळ घ्यायचा नाही म्हणाले. आणि सोसायटीचं नाव तर पुन्हा काढायचंच नाही. अतिशयने चपलेचा पुरावा दिला, तर चप्पल हरवली कशी याबद्दल त्यालाच बोलणी बसली.

त्या दुपारी त्रिशला माळ्यावर जाऊन रडली. खरं काय ते माहीत आहे आणि कोणी ऐकत नाही, यासारखं वाईट काही नसतं. मयूरी तिच्याशेजारी बसून राहिली.

"आमिष सुटलंच नाही तर?" डोळे पुसता पुसता त्रिशला म्हणाली. "त्यांना तसा गळ करून दिला तर? मग भांडणच नको कुणाशी."

लगेच कामाला सुरुवात झाली. पण त्रिशलाच्या घरी मुंगीसुद्धा फुंकर मारून बाजूला करतात. तिने टोकाचा गळ हातात घ्यायला नकार दिला. शेवटी जाड तार वाकवून, टोक दगडावर घासून बोथट करून, त्यांनी एक बिनटोकाचा गळ बनवला. आतड्याऐवजी भिजवलेली कणीक घेतली. मामी माशांना घालायला गोळ्या करायची, त्यातलीच. अंगणातल्या टाकीत काठीने गळ झोकायचा आणि कणीक राहते का बघायचं.

राहीना. दोऱ्याने बांधली, तर दोऱ्याने ती कापलीच. तारेला खाचा पाडल्या, तर झोकताना कणीक उडून अतिशयच्या कपाळावर बसली. रबर लावलं, कापूस मिसळला. संध्याकाळपर्यंत टाकीच्या तळाशी चार चपात्यांची कणीक जमली आणि मामी ओरडली. अतिशय कंटाळून पेन उघड-मीट करत बसला होता, टिक टिक टिक. त्रिशला त्याच्यावर खेकसणार, तेवढ्यात तिचं लक्ष पेनाकडे गेलं.

"ते दे इकडे."

"माझं नवं पेन आहे!"

आता नव्हतं. त्यातली स्प्रिंग निघाली आणि गळाच्या दांडीवर बसली. मयूरीने कणीक स्प्रिंगच्या वेढ्यांत दाबून भरली, वरून बोटाने घट्ट लिंपली. झोकली. टाकीत एकच आवाज झाला. गळ बाहेर काढला तर कणीक जागच्या जागी. पुन्हा, पुन्हा, तीच गत. तिघं नाचली. मग त्रिशला एकदम थांबली.

"मयूरी, असा गळ टोकाचा केला तर मासा सुटणारच नाही."

"सुटला तर आमी काय खायचं?" मयूरीने विचारलं. ती भांडत नव्हती, खरंच विचारत होती.

गळ घेऊन तिघं उदयसिंहांकडे गेली. त्यांनी तो दोन बोटांत धरला, फिरवून पाहिला आणि खो खो हसले. त्यांचा गळ परदेशी होता, पोरांनी पेन मोडून केलेल्या खेळण्याची त्यांना गरज नव्हती. झालं, तोही रस्ता बंद. फक्त एक गोष्ट त्यांच्या तोंडून निघाली. आमिषाला हात लावला की दिवसभर वास जात नाही, कोणी ते टोचून दिलं तर बरं होईल. मयूरी पटकन पुढे झाली.

"मी देते की. रविवारी येते."

वाटेत तिने त्रिशलाचा हात घट्ट धरला. "ऐकत न्हाईत ना?" ती म्हणाली. "मग बघू देत डोळ्यांनी."

पावसाळ्याआधी गावच्या बायका गोधड्या धुतात. त्या रविवारी गोधड्यांचे ढीग घेऊन सगळ्या घाटावर आल्या होत्या. मगरीच्या भीतीने वरच्याच पायऱ्यांवर बसून बादल्यांनी पाणी उपसत होत्या. मामा मोटर सुरू करायला आले होते. बनुबाईच्या दारात बांधलेलं गाठोडं होतं आणि दुपारची गाडी धरायची होती.

खाली खडकावर मयूरी उदयसिंहांना आमिष टोचून देत होती. प्रत्येक तुकड्यात ती ज्वारीच्या धाटातला मऊ भेंड खुपसत होती. भेंड बुचासारखा तरंगतो. तो आदल्या दिवशी त्रिशलाने सोलला होता आणि हळदीत पिवळाधमक रंगवला होता. उदयसिंहांनी विचारलं, तर मयूरी म्हणाली, पिवळ्या रंगाला मासे लवकर येतात. त्यांना ते लगेच पटलं!

ते झोकत राहिले. पिवळे ठिपके पाण्यावर जमत गेले. लाईट आली, मामांनी बटण दाबलं, मोटर घुरघुरली.

"मामा," त्रिशला म्हणाली, "आता फक्त बघा."

पहिला पिवळा तुकडा घाटाच्या पायरीला लागला तेव्हा कोणाचं लक्ष नव्हतं. मग दुसरा आला, मग चारपाच एकदम. बायकांनी पिळता पिळता हात थांबवले. एकीने काठीने तुकडा ओढला, तर भेंडाला कोंबडीचं आतडं. सगळ्यांच्या माना हळूहळू खडकाकडे वळल्या. तिथे उदयसिंह टोपी सावरत पुढचा गळ झोकत होते आणि हवेतच त्यातून पिवळं काहीतरी सुटत होतं.

"मागं व्हा!" मामा ओरडले.

पाण्यावर दोन डोळे दिसले. पिवळ्या ठिपक्यांच्या रांगेने मगर सरळ घाटाकडे येत होती. तिने एक ठिपका गिळला. पुढचा गिळला. बायका गोधड्या टाकून वर पळाल्या. मामांनी धावत जाऊन मोटर बंद केली. पाणी उभं राहिलं. ठिपके जिथल्या तिथे थांबले, आणि मगरही थांबली. जरा वेळाने ती वळून डोहाकडे गेली.

मग दगडाबाई, गावातली सगळ्यात तोंडाळ म्हातारी, मामांकडे बघत म्हणाली, "दादासो, आता ह्यो निकाल कोन फिरवायचा?"

मामा अनवाणीच बनुबाईच्या दारात गेले. मागे अख्खा घाट. मामांनी वाकून दारातलं गाठोडं उचललं आणि आत नेऊन ठेवलं.

"चुकलं बनुबाई," ते म्हणाले. "मी बैठकीत गप बसलो. माज्यासमोर घडलं."

बनुबाईने पदराने तोंड झाकलं. "येकानं तरी इचारायचं हुतं, दादासो," एवढंच ती बोलली.

त्यानंतर कौतुकाला ऊत आला. मामांनी त्रिशलाची पाठ थोपटली, अतिशयला नवी चप्पल आणि नवं पेन कबूल झालं. उदयसिंह घाटावर येऊन कान धरून गेले. इथून पुढे कोंबडीची घाण आणणार नाही, कणीक लावीन, म्हणाले. जाता जाता त्यांनी त्रिशलाला बाजूला घेतलं. त्या गळाची डिझाईन काय भारी आहे म्हणाले. टोकाचे गळ करून दे, एक मासा हातचा जाणार नाही.

सगळे तिच्याकडे कौतुकाने बघत होते. आपण केलेली वस्तू आता आपल्या हातात राहिली नाही, हे त्रिशलाला मात्र कळलं. तिने नाही म्हटलं तरी पेन कुठेही मिळतं आणि स्प्रिंग प्रत्येक पेनात असते.

मगर काही दिवसांनी वरच्या डोहाला गेली. सुट्टी संपायच्या आदल्या संध्याकाळी बनुबाई पुन्हा घाटाच्या कडेला बसली. आढ्याचा दोरा खाली आला होता. त्रिशलाने खिशातून एक स्प्रिंग काढली, तिच्या स्वतःच्या पेनातली, आणि मयूरीच्या तळहातावर ठेवली.

"मासा लागला तर मला सांगू नकोस," ती म्हणाली.

"न्हाई सांगत," मयूरीने मूठ मिटली. "तू पाठ करून बस."

त्रिशला नदीकडे पाठ करून बसली. मयूरीचा एक हात दोऱ्यावर होता आणि दुसरा तिने मैत्रिणीच्या हातात दिला होता. थोड्या वेळाने दोऱ्यावरच्या हाताला हिसका बसला. तो त्रिशलालाही कळला. तिने डोळे मिटून घेतले, पण हात सोडला नाही.