सतराव्या सरीचं पाणी

यातलं काहीही मी रचलेलं नाही. रचायचं असतं, तर स्वतःला जरा बरं दाखवलं असतं.

गेल्या वर्षीच्या एप्रिलमधला गुरुवार. आमच्या घरातला शेवटचा नेहमीसारखा दिवस.

मी कोल्हापुरात राजारामपुरीत राहते. माती-पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. सुट्टी काढून गावी गेले होते. आमचं गाव गडहिंग्लजच्या पुढं, हिरण्यकेशीच्या काठाला. दिवस मावळायच्या आत जेवायचं, हा आमच्या जैन घरातला शिरस्ता. ताटं वाढली होती, आणि मी अप्पांसमोर ठिबकचं माहितीपत्रक ठेवलं.

"पाटानं पाणी देऊन देऊन जमीन बिघडायला लागलीय, अप्पा. मीठ वर येतंय. निम्म्या पाण्यात ऊस येईल."

अप्पांनी भाकरी मोडली. "म्हंजे उसाला नळी लावायची? सलाईनगत? माझा ऊस काय आयसीयूत हाय व्हय?"

आई हसली. "आणि तुम्ही त्याला आंघोळ घालताय की! पोरगी बरोबर बोलतीया."

"राजमती, तू पार्टी बदललीस बघ."

मीही हसले. पण ते माहितीपत्रक अप्पांनी न बघता गरम पातेल्याखाली सरकवलं, ते मला फार लागलं.

शुक्रवारी आमची पाण्याची पाळी होती.

पाटपाण्याचं काम दोघांचं. एकानं सरीच्या, म्हणजे उसाच्या दोन ओळींमधल्या चरीच्या, तोंडाशी माती लावून दारं धरायचं. दुसऱ्यानं शेपटाला, खालच्या टोकाला, उभं राहायचं. मधे डोक्याच्या वर ऊस, एकमेकांना कुणी दिसत नाही. म्हणून वरचा हाक देतो, "कुठवर?" पाणी पोचलं की खालचा ओरडतो, "आलंऽ!" मग वरचा दार मोडून पुढच्या सरीला पाणी वळवतो.

ओ मिळालीच नाही, तर तो स्वतः सरीतून चालत बघायला येतो.

घरात मला आक्का म्हणतात. लहानपणापासून शेपटाला मीच.

"आक्काऽ, कुठवर?"

"आलंऽ!"

सोळा सऱ्या झाल्या. ऊन डोक्यावर आलं.

सतरावीचं पाणी येईना...

पुढचं मी लोकांना सांगितलं ते असं : बराच वेळ हाक आली नाही, म्हणून मी वर गेले.

अप्पा सतराव्या सरीत मधोमध पालथे पडले होते. पाणी त्यांच्या अंगाला अडून शेजारच्या सरीत फुटलं होतं. शेपटापर्यंत ते आलंच नाही.

डॉक्टर म्हणाले, उष्माघात. "अर्धा तास आधी आणलं असतं, तर..."

आईनं दवाखान्याच्या पायरीवर मला विचारलं, "हाक न्हाय मारली त्यांनी?"

"नाही," मी म्हणाले.

ऊस कारखान्याला गेला. बुडख्यांतून फुटलेल्या खोडव्यात मी ठिबक बसवलं. पाट बुजवला. आता दारं धरायला नको, शेपटाला माणूस नको. तासाभरात रान भिजायचं. सगळं मोजून, हिशेबशीर.

या वर्षी एप्रिलमध्ये नदी आटली आणि उपसाबंदी लागली. मोटारी बंद. नळ्या कोरड्या.

बंदीच्या चौथ्या दिवशी, गुरुवारी, शेजारच्या रानातल्या झुंबरबाईंचा फोन आला.

"ऐश्वर्या, तुमच्या रानात पाणी फिरतंय. कुणी मोटार लावली काय गं?"

"बंदी आहे काकू. कोण लावणार?"

"ते बी खरंच. आणि तुझी आई... कालपासनं पाण्याचा थेंब घेईना. नियम घेतलाय म्हणती. शेपटाला जाऊन बसतीया. तू ये बाई."

मी सकाळची पहिली एसटी धरली.

शुक्रवार होता.

रानात पोचले तेव्हा साडेदहा झाले होते. सोळा सऱ्या कोरड्या ठणठणीत. सतरावीत घोटाभर पाणी.

मी नळी न् नळी तपासली. कुठं फुटली नव्हती. मोटारीच्या पेटीला कुलूप. नदीकडून येणारा पाइप हातानं ठोकला. रिकामा.

सरीच्या तोंडाशी गेले...

तिथं दार धरलं होतं. उसाच्या वाळक्या पाचटाची पेंडी आडवी, तिच्यावर चिखल, आणि चिखल डाव्या टाचेनं दाबलेला. अप्पा असंच दाबायचे. टाचेचा ठसा ओला होता.

आत जाणारं किंवा बाहेर येणारं दुसरं पाऊल कुठंच नव्हतं.

मी बाटलीत नमुना घेतला. नंतर तपासला. नदीचं साधं पाणी. उपसा पाच दिवस बंद असताना.

सरीच्या कडेनं खाली निघाले. निम्म्यावर पाणी संपलं. पुढं भेगाळलेली माती. अप्पा जिथं पडले होते, बरोबर तिथं.

शेपटाला आई बसली होती. ओठ फुटलेले. डोळे आत गेलेले.

"आई, हे काय चालवलंय?"

"पाणी शेपटाला पोचल्याबिगार मी पाणी घेणार न्हाय." आवाज कसाबसा निघत होता. "त्यांचं काम ऱ्हायलंय."

"अगं, मरशील!"

"मग मरीन की."

मी पाण्याची बाटली तिच्या तोंडाला लावली. तिनं तोंड फिरवलं. दोन दिवस. एप्रिलचं ऊन. मनगट धरलं, तर नाडी बोटाखाली लागेना.

मी वेड्यासारखी घरी पळाले. दोन कॅन भरून आणले, कोरड्या सरीत ओतले. मातीनं ते आवाजही न करता पिऊन टाकले. वरचं पाणी तसूभरही पुढं आलं नाही.

गुडघ्यावर बसून मी हातानं माती उकरायला लागले. नखं तुटली. पाणी समोर होतं, आणि उकरलेल्या चरीत उतरत नव्हतं. शेवटी शेपटाला आईजवळ येऊन बसले.

मग बाराच्या सुमाराला...

पाखरं थांबली.

वारा थांबला. उसाची पानं हलायची राहिली.

वरून, सरीच्या तोंडाकडून, चळक... चळक... कुणीतरी पाण्यातून चालत होतं.

मग थांबलं.

"आक्काऽ..."

आईनं माझ्याकडं बघितलं. "ऐकलंस?"

मी तिचा हात धरला.

"आक्काऽ, कुठवर?"

आई फाटक्या घशानं ओरडली, "आलंऽ! आलं वो!" आणि तिला ठसका लागला. ती माझ्या अंगावर कलंडली. तिचं अंग तव्यासारखं तापलं होतं.

पाणी हललं नाही.

"दोन दिस ओ देतीया मी," ती पुटपुटली. "त्यांस्नी पटंना. माझं नाव घेत न्हाईत ते. तुला इचारत्यात. का गं? तुलाच का?"

चळक... चळक... पावलं सरीतून खाली यायला लागली होती. सावकाश. दमलेल्या माणसासारखी.

आई आज बरी आहे. त्या दिवशी दुपारी तिनं पाणी घेतलं, एवढं सांगते. पण शुक्रवारी बारा वाजले की प्रयोगशाळेतली सगळी यंत्रं मी बंद करते. कान देऊन उभी राहते. कशासाठी, ते सहकाऱ्यांना सांगता येत नाही.

ते पाणी कुठून आलं, तेही मला सांगता येत नाही. मी काय बोलले, तेवढं सांगता येतं.

पावलं निम्म्यावर आली. जिथं पाणी संपत होतं, तिथं थांबली. उसात कुणीच दिसत नव्हतं. फक्त दम लागल्याचा आवाज...

आई माझ्या मांडीवर होती. तिला सगळं ऐकू जाणार होतं. तरी मी मोठ्यानं बोलले.

"अप्पा, त्या दिवशी तुमची हाक मला ऐकू आली होती. तिन्ही वेळा आली होती. मी चिडले होते. तुम्हाला उन्हातनं चालत यायला लागावं, म्हणून मी मुद्दाम ओ दिली नाही."