इटलीचे बुवा

मे महिन्यातले दुपारचे तीन. नव्या पेठेत अशा वेळी गिऱ्हाईक सोडाच, कुत्रंसुद्धा फिरकत नाही. दुकानाचे मालक गुरप्पाकाका मागच्या खोलीत आडवे झाले होते. दारातल्या वाळ्याच्या पडद्यावर मी नुकतंच पाणी मारलं होतं, आणि मुंबईच्या पार्सलातून चुकून आलेली ती रेकॉर्ड… हळूच लावली होती.

आमच्या दुकानात खपायच्या त्या भजनांच्या, लावण्यांच्या आणि सिनेमाच्या रेकॉर्डी. ही मात्र इटलीतल्या कुणा थोर गायकाची होती. ऑपेराची. ऑपेरा म्हणजे त्यांच्याकडचं संगीत नाटक, हे वेष्टनावरच्या इंग्रजीचा डिक्शनरी घेऊन अर्थ लावला तेव्हा मला कळलं.

सुई टेकली आणि आवाज आला… भरदार, काकवीसारखा संथ. कुणाची तरी मनधरणी करणारा. आणि मग एकाच ओळीत तो असा काही फिरला! मनधरणीतून धमकी निघाली, पण आवाज चढला नाही, उलट उतरला. वेष्टनानं वारा घेणारा माझा हात थांबला.

"त्यानं भुवई उचलली की आत्ता."

मी दचकून वळले. पायरीला सायकल टेकवून एक उंच, सावळा तरुण उभा होता. घामानं शर्ट अंगाला चिकटलेला, केसांत कापसाची पांढरी तुसं.

"कुणी उचलली?"

"गाणाऱ्यानं. तुमाला ऐकू न्हाय आली?"

खरं सांगू? मलाही अगदी तसंच वाटलं होतं. पण अनोळखी माणसाला असं लगेच कसं सांगायचं… "भुवई ऐकणारा माणूस मी आजवर बघितला नव्हता," मी म्हटलं.

"मग बघून घ्या की," तो म्हणाला आणि पडदा सारून आत आला. मी बघितलंच. नजर खाली गेली तीही माझीच.

त्याचं नाव विरुपाक्ष. गिरणीत मागाच्या खात्यात कामाला, आणि सुट्टीच्या दिवशी कामगारांच्या नाटकांत. "पाटील, सासरा, बाप… आवाज जाड हाय ना. पंचविसाव्या वर्षी चार पोरींची लग्नं लावलीत मी, स्टेजवर!"

मग पहिली पाळी सुटली की तो यायचाच. गायकाला आम्ही 'बुवा' म्हणायला लागलो. भाषा दोघांनाही कळत नव्हती, तरी बुवा कुठं हसले, कुठं खोटं बोलले, कुठं रडू गिळलं, सगळं कळायचं. कधी आमचं भांडण व्हायचं.

"इथं ते लेकीला समजावतायत," मी म्हणायची.

"छे! शत्रूला जेवायला बोलावतायत. इख घालून."

"तुम्हाला सगळीकडं विषच दिसतं."

"तुमी समोर बसल्यावर कुटं दिसतंय?"

मी घाईघाईनं रेकॉर्ड पुसायला घेत असे. आतून काकांचं खाकरणं ऐकू येई.

एकदा मी वेष्टनावरचा मजकूर त्याला वाचून दाखवला. अशा आवाजाला बॅरिटोन म्हणतात. त्याच्या वाट्याला येतात ते बाप, कपटी दरबारी, नाही तर विदूषक. नायिका मिळते ती उंच, पातळ गळ्याच्या नायकाला.

"म्हणजे तितंबी आमच्यासारखंच," तो हसला. "आमचा शिवयोगी नायक, आन् मी त्याच्या वायटावर." पण त्या दिवशी दुसरी बाजू न ऐकताच गेला.

नव्या नाटकात त्याला दुष्ट पाटलाचं काम होतं. संवाद म्हणून दाखवताना दुकानाच्या काचा थरथरायच्या. "ओरडता कशाला?" मी म्हटलं. "बुवांकडं बघा. बेत जितका वाईट, तितका आवाज मऊ."

प्रयोगाच्या दिवशी तो नायिकेसमोर उभा राहिला आणि नुसतं म्हणाला, "बस, पोरी… बस." इतकं हळू, इतकं मायेनं, की अख्खं थिएटर गार पडलं. माझ्या शेजारच्या पार्वतम्मा उठून ओरडल्या, "तुझा मुडदा बशिवला भाड्या!" जणू मलाच कुणी हार घातला, अशी मी फुलून आले.

तिसऱ्या दिवशी तो आला. दुकानात काका आणि दोन गिऱ्हाइकं होती. तो काउंटरपाशी ताठ उभा राहिला.

"शिवयोगीच्या घरचे उद्या तुमच्याकडं विचारायला येणार हायत. त्याला तुमी पसंत आहात. आधी तुमचं मन बघून ये म्हणाले. मुलगा चांगला हाय, निर्व्यसनी हाय…"

उद्या! उद्या ते येणार, माझे वडील हो म्हणणार. नाही म्हणायला कारण तरी काय होतं माझ्याकडं? समोर उभं होतं तेवढंच.

"पाठ करून आलात?"

"हां."

"चांगलं नाही झालं. बुवा कपट्याचं काम करतात, पण खोटं गात नाहीत."

"चेष्टा नको, नंदा." रोजचं 'महानंदाबाई' पहिल्यांदाच गळून पडलं होतं. "जाड आवाजाला नायिका मिळत न्हाय. तुमीच वाचलंत."

"ते इटलीत," मी म्हटलं.

तेवढ्यात काकांनी गिऱ्हाइकासाठी हलगी-लेझीमची रेकॉर्ड लावली, आणि तीही पूर्ण आवाजात. दुकान दणाणलं. विरुपाक्ष काहीतरी बोलत होता, पण एक अक्षर ऐकू येत नव्हतं.

मग माझ्या लक्षात आलं, तो आवाज काढतच नव्हता.

माझी आई वीस वर्षं गिरणीत होती. खात्यात यंत्रांचा एवढा गोंगाट, की तिथं माणसं गळ्यानं नाही, ओठांनी बोलतात. घरीही आई चुलीपाशी बसून अशीच बोलायची, आणि आम्ही भावंडं हसत हसत तिचे ओठ वाचायचो.

त्याचे ओठ हलत होते. सावकाश, नीट, एकेक शब्द… एकही उसना आणलेला नव्हता. पाटलाचा नव्हता, बापाचाही नव्हता. चार शब्द होते, आणि सगळे माझ्यासाठी.

काकांनी सुई उचलली. "अय्यो, काय म्हणत होता गं हा? मला काय ऐकू आलं न्हाय."

"मला आलं, काका."

कान तापले होते, तरी मी विरुपाक्षकडंच बघत म्हटलं, "शिवयोगीच्या घरी सांगा, उद्या येऊ नका म्हणावं. आणि तुम्ही या. तुमच्या आईला घेऊन."

गिऱ्हाइकं आ वासून बघत होती. विरुपाक्षनं तोंड उघडलं, आणि तो एवढा भरदार आवाज कोवळ्या पोरासारखा चिरकला,

"किती वाजता?"