चुकीच्या कप्प्यातलं पुस्तक

"ते पुस्तक तिथलं नाहीये."

मी दचकले. माझंच पुस्तक मुलांच्या कप्प्यातून काढून कादंबऱ्यांमध्ये खुपसताना दुकानदारानं मला मुद्देमालासकट पकडलं होतं. बाहेर पाऊस भुरभुरत होता. माझ्या केसांतलं पाणी फरशीवर ठिबकत होतं आणि तो बाह्या दुमडून, भुवया उंचावून समोर उभा!

"ही कादंबरीच आहे," मी म्हणाले. "चित्रांतली. नवरा गेल्यावर एकटीनं घर आवरणाऱ्या बाईची. लहान मुलं काय करणार तिचं?"

"म्हणजे हे उद्योग तुमचे! मला वाटलं, दुकानात भूत शिरलंय."

"शिरलं असेल, तर शहाणं आहे."

तो हसला. मग त्यानं मागच्या कव्हरवरचा फोटो पाहिला, मला पाहिलं... माझे कान तापले.

त्यानंतर मी जातच राहिले. घरी बूड टेकत नव्हतं. दुसऱ्या पुस्तकाची पानं अर्धवट पडली होती आणि प्रकाशक मॅडमचा हट्ट होता, की आता छापील कोण घेतं? फोनवर चालेल असं कर. एकाखाली एक चौकटी, दर आठवड्याला एक भाग. ती संवाद नसलेली पानं तर काढूनच टाक, अंगठा थांबत नाही गं कुणाचा!

"पायाला भिंगरी लागलीये का तुझ्या?" आई विचारायची.

दुकानात 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलं नाही. एका दुपारी तो पुस्तकांवरची धूळ झटकता झटकता थांबला.

"एक बोलू? रागावणार नसशील तर..."

"बोल."

"तुझ्या पुस्तकाचा शेवट घाईचा झालाय. इतका वेळ गप्प असलेली बाई एकदम बोलत सुटते. वाचकाला कळणार नाही म्हणून... तू घाबरलीस."

मी तडक निघून आले. सगळ्यांनी 'चित्रं छान' म्हणून पाठ थोपटली होती. शेवटपर्यंत नीट वाचणारा हा एकटाच निघाला, आणि नेमका खरं बोलला!

बरेच दिवस तिकडे फिरकले नाही. रागारागानं दुसऱ्या पुस्तकाची चित्रं काढत बसले. पानं पुरी झाली, तशी मॅडमपुढे ठेवली.

"फोनवर द्या, माझी हरकत नाही. पण मुकी पानं राहतील."

"आणि लोक सोडून गेले तर?"

"जातील. एखादा थांबेलही."

त्यांनी पानं पुन्हा चाळली. एका पानावर बोट रेंगाळलं. "बरं... पहिला भाग करून बघू."

तिथून मी जवळजवळ धावतच दुकान गाठलं. तो खोकी उघडत होता. वर बघेना.

"आलीस?"

"आले."

"दाराकडे बघून बघून मान अवघडली माझी."

"मला तू आवडतोस," मी बोलून गेले... आणि पळून जावंसं वाटलं.

तो गंभीर झाला. "विचार करायला वेळ लागेल."

"किती?"

"झाला."

हसता हसता त्यानं माझा हात धरला. पुस्तक चालेल की नाही, अजून काहीच ठरलं नव्हतं. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आत आलं.

"या, काय हवंय?" तो विचारत होता, आणि माझा हात सोडायचं मात्र त्याच्या लक्षातच नव्हतं.