समोरची फळी

"बाई, तुम्ही डावीकडे बसा. आणि तुम्ही — हो, तुम्हीच — यांच्यासमोर, उजवीकडे," होडीवाले काका धक्क्यावरूनच ओरडले. "होडी अरुंद आहे. एक हलला की समोरच्यानं हलायचं. नाहीतर सगळे पाण्यात!"

मी डोळे चोळत बसले. समोरच्या फळीवर तो बसला. उंच, सावळा, गुडघे कुठे ठेवावेत हे न कळलेला.

होडी सुटली तशी चिमणी माझ्या कानाशी लागली. चिमणी म्हणजे माझी मैत्रीण. कारखान्यात आमची शिलाईची मशीनं शेजारीशेजारी, आणि तिची चिवचिव दिवसभर. सुट्टीत खाडीच्या टोकापर्यंत जाऊन संध्याकाळी परतायचं, हा तिचाच बेत.

"हाच तो. माझा मशीन-दुरुस्तीवाला मावसभाऊ. ज्यानं तुझ्यासाठी विचारलंय."

"आधी सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर आली असतीस?"

नसतेच आले. घरी बाबा अंथरुणाला खिळलेले. रात्री सारखं उठून त्यांची कूस बदलावी लागे. दिवसभर मशीन, रात्रभर बाबा. परगावची वहिनी दोन दिवस आली होती, म्हणून आज मी बाहेर तरी पडले. अशा घरात दुसऱ्या कुणाला कशाला ओढायचं? नकार माझ्याजवळ तयारच होता. होडी परत धक्क्याला लागायच्या आत त्याला सांगून मोकळं व्हायचं, असं मी ठरवून टाकलं.

"तुम्ही मशीनं दुरुस्त करता ना?" मी सुरुवात केली.

"हो. पण आज हत्यारं घरी ठेवलीत. घाबरू नका."

"मी कशाला घाबरू?"

"मग होडीचा काठ एवढा घट्ट का धरलाय?"

मी हात सोडला. पाण्यावरचा पक्षी बघायला जरा वाकले, तर तो लगेच मागे झुकला. मी सरळ झाले, तोही सरळ. मग मी मुद्दामच वाकले… तो पुन्हा मागे. चेहरा मात्र अगदी गंभीर.

"कवायत चाललीय का रे?" चिमणीच्या नवऱ्यानं विचारलं. काडीसारखा होता, म्हणून आम्ही त्याला पहिलवान म्हणायचो.

"काकांचा हुकूम आहे," तो म्हणाला.

मला हसू आलं. हसताना गाल दुखले, इतक्या दिवसांनी हसले असेन.

"एक सांगू?" त्यानं आवाज उतरवला. "चिमणीच्या लग्नात मी तुम्हाला पाहिलं होतं. बँड कानाशी वाजत होता, आणि तुम्ही खुर्चीत गाढ झोपला होतात."

"अगं बाई! आणि तेवढ्यावरून मागणी घातलीत?"

"वाटलं… हिला कुणीतरी थोडं झोपू द्यायला हवं."

नकार ओठांपर्यंत आला आणि तिथेच बसून राहिला. फळीखाली पाणी चुबुक चुबुक वाजत होतं. इंजिन एकसुरी घुरघुरत होतं. जरा डोळे मिटते, मग सांगते, असं म्हणत मी मान टेकली…

जाग आली तेव्हा होडी उथळ पाण्यात बांधलेली. सगळे पलीकडे वाळूत लोळत होते. समोरच्या फळीवर फक्त तो. डोक्यावर बांधलेल्या ताडपत्रीची सावली सगळी माझ्यावर, आणि ऊन सगळं त्याच्यावर. त्याचा एक गाल आणि एक कान विटेसारखा लाल झाला होता.

"तुम्ही नाही उतरलात?"

"उतरलो असतो तर होडी तुमच्या बाजूला कलंडली असती."

"आणि जेवण?"

"चिमणीनं पाव फेकला होता. हलायचं नव्हतं, म्हणून झेलता आला नाही. मासे जेवले."

"उठली का गं कुंभकर्णाची बहीण?" वाळूतून चिमणी ओरडली.

मी सावरून बसले. मग बोलूनच टाकलं, "मला तुम्हाला नाही म्हणायचंय. घरी बाबा आहेत. माझी रात्र माझी नसते. तुमचीही राहणार नाही."

तो मुंग्या आलेला पाय चोळत राहिला. "अर्धी रात्र तुम्ही जागा, अर्धी मी जागेन. कूस कशी बदलायची ते शिकवावं लागेल, एवढंच."

"आणि कंटाळलात तर?"

"कंटाळेन की. आत्ताही कंटाळलो होतो. वाटलं, उठावं."

"मग?"

"मग तुम्ही घोरायला लागलात. उठवेना."

"मी घोरत नाही!"

"बरं."

परतताना सगळेच दमले होते. चिमणीसुद्धा गप्प, पहिलवानाच्या खांद्यावर डोकं टाकून. ऊन पुन्हा समोरच्या फळीवर, त्याच्याच बाजूला. त्याची मान पडत होती, तो दचकून सावरत होता.

"काका, आम्ही जागा बदलतो," मी म्हणाले.

"बदला. पण एकमेकांना धरून, एकदमच उठा."

त्यानं हात पुढे केला. खरखरीत, तेलाचा वास असलेला हात. आम्ही होडीच्या मधोमध हळूच वळलो. होडी डुलली… आणि स्थिर झाली. तो माझ्या सावलीत बसला, मी त्याच्या उन्हात.

"झोपा आता. मी बसलेय."

"आणि ते… नाही म्हणणं?"

"धक्का यायला वेळ आहे अजून."

तो झोपला. खरं तर घोरत तोच होता.

होडी धक्क्याला लागली. सगळे आळस देत उतरले. चिमणीनं वळून भुवया उडवल्या. मी ओठांवर बोट ठेवलं.

"बाई, उतरा. पोचलो आपण," काका म्हणाले.

"उतरते, काका," मी हळूच म्हणाले. "यांना उठू दे आधी. मी हलले तर होडी कलंडेल."